सेटिंग्ज पुन्हा पुन्हा 'उडतात'? रीसेटचा पॉपअप तपासा

तक्रार येते ती नेहमी एकाच शब्दात. "उडालं." ताई, सेटिंग उडालं. दर उडाले. बिलाचा मेसेज उडाला.

आमचं ॲप घरगुती डबे देणाऱ्यांच्या हिशोबाचं आहे. कोणाचा पूर्ण डबा, कोणाचा अर्धा, कोणाला शनिवारी नको, कोण गावाला गेलंय, आणि महिना भरला की कोणाचे किती झाले. वापरणाऱ्या बहुतेक बायका कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, कळवा, वागळे इस्टेट या पट्ट्यातल्या. त्यांची गिऱ्हाईकं म्हणजे महापे-रबाळेच्या कंपन्यांत कामाला येऊन पीजीत राहणारी मुलं. मी या ॲपचे स्क्रीन आणि त्यातला मजकूर बघते. 'सेटिंग्ज उडाल्या' ही तक्रार आमच्याकडे जवळजवळ वर्षभर येत राहिली. तीनदा 'सुटली' म्हणून बंद केली, चौथ्यांदा पुन्हा उघडली. ज्यांच्या ॲपमध्ये 'सेटिंग्ज रीसेट करा' अशी एक ओळ आणि त्यावर एक पॉपअप आहे, त्या प्रत्येकाकडे ही तक्रार कधी ना कधी येणार. म्हणून झालं ते सगळं लिहून ठेवते आहे.

आधी रोग नीट ओळखा

फोन यायचे ते १ ते ५ तारखेच्या आसपास. त्यामुळे पहिला संशय महिनाअखेरच्या बिलाच्या कोडवर गेला आणि तिथे आमचे बरेच दिवस खर्ची पडले. खरी गोष्ट अशी होती की दर उडालेला असायचा आठ-दहा दिवस आधीच. बाईंना ते कळायचं बिल काढताना, रकमेच्या जागी शून्य दिसलं की. तक्रारीची तारीख आणि घटनेची तारीख एकच असेल असं धरून चालू नका.

मग आम्ही तीन साध्या नोंदी ठेवायला लागलो: पॉपअप कधी दिसला, त्यातलं कोणतं बटण दाबलं, आणि दिसल्यापासून किती वेळाने दाबलं. हे तुमच्याकडे नसेल तर आजच लावा, बाकीचं सगळं त्यानंतर. आमच्याकडे चित्र लगेच स्पष्ट झालं. ॲप बंद पडलेलं नव्हतं, अपडेटचाही काही संबंध नव्हता. प्रत्येक वेळी पॉपअप आलेला होता आणि 'ठीक आहे' दाबलेलं होतं.

"म्हणजे त्यांनीच केलं," असं मीटिंगमध्ये म्हटलं गेलं आणि तक्रार बंद झाली. मला ते पटलं नव्हतं. रोज पहाटे उठून पंचवीस-तीस डब्यांचा हिशोब चोख ठेवणाऱ्या बायका एकाच पॉपअपवर एकसारख्या चुकत असतील, तर चूक पॉपअपमध्ये शोधायला हवी.

जे उपाय चालले नाहीत

पहिल्यांदा बटण लाल केलं. आयफोनवर बटणाला 'डिस्ट्रक्टिव्ह', म्हणजे काहीतरी पुसणारं, ही भूमिका दिली की ते आपोआप लाल होतं, अँड्रॉइडवर रंग आपला आपण द्यावा लागतो. फरक पडला नाही. लाल रंग 'जपून' एवढंच सांगतो, काय जाणार ते सांगत नाही. शिवाय ज्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही त्यांना तो तेवढंही सांगत नाही.

दुसऱ्यांदा एका पॉपअपनंतर दुसरा आणला. 'खरंच?' असं विचारणारा. नोंदींत दिसलं की दुसरा पॉपअप पहिल्यापेक्षाही लवकर संपतो. बोट तिथेच असतं, बटण तिथेच असतं, वाचायला नवीन काही नसतं.

तिसऱ्यांदा 'रीसेट' हा शब्द टाइप करायला लावला. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर रिपॉझिटरी, म्हणजे एका प्रकल्पाचा सगळा कोड, पुसायची तर तिचं नाव टाइप करावं लागतं, त्यावरून सुचलं होतं. तिथे ते योग्य आहे, कारण पुसणारा कीबोर्डसमोर बसलेला प्रोग्रॅमर असतो. इथे काय झालं? अर्ध्या बायकांनी 'रिसेट' लिहिलं, पहिली वेलांटी, आणि ॲप म्हणालं चुकीचं आहे. काहींनी माइकचं बटण दाबून बोलून लिहिलं, तर शेवटी एक रिकामी जागा आली आणि तेही चुकीचं ठरलं. ज्यांना खरोखर रीसेट करायचं होतं त्या अडकल्या. बाकीच्यांना वाटलं ही काहीतरी आवश्यक पायरी आहे, आणि त्यांनी ती नेटाने पूर्ण केली. मराठी वापरणाऱ्यांसाठी हा उपाय करूच नका. ऱ्हस्व-दीर्घाची परीक्षा घेऊन कोणाची खात्री पटत नाही.

कोपरखैरण्यातली दुपार

शेवटी मी एका काकूंकडे जाऊन बसले. सिडकोच्या बैठ्या घरांच्या ओळीत त्यांचं घर. पुढच्या खोलीत डब्यांची उतरंड, आत दोन शेगड्या. त्यांचे दर त्या महिन्यात दुसऱ्यांदा उडाले होते. मी माझा फोन पुढे केला, त्यात त्यांच्यासारखीच माहिती भरून नेली होती, आणि म्हटलं, काकू, तुम्ही त्या दिवशी काय केलंत ते यावर करून दाखवाल?

त्यांची मूळ अडचण वेगळीच होती. 'आज किती डबे' याची आठवण देणारी घंटी पहाटे साडेपाचला वाजायची, ती वाजेनाशी झाली होती. स्टेशनबाहेरच्या मोबाइलवाल्याने पूर्वी कधीतरी सांगितलं होतं, काहीही बिघडलं की रीसेट मारायचं. म्हणून त्या सेटिंग्जमध्ये गेल्या, खाली शेवटपर्यंत सरकवलं, आणि शेवटच्या ओळीवर करंगळीच्या पेराने टेकवलं. करंगळीने, कारण बाकी हात कणकेचा होता. तेव्हा आमचा पॉपअप असा होता:

सेटिंग्ज रीसेट करा
तुम्हाला खात्री आहे की तुम्ही सर्व सेटिंग्ज रीसेट करू इच्छिता? ही क्रिया पूर्ववत केली जाऊ शकत नाही.
रद्द करा | ठीक आहे

काकूंनी चष्मा नीट केला आणि ओळीखालून बोट फिरवत वाचलं. बोट 'पूर्ववत' वर थांबलं. "हेच तर पाहिजे मला," त्या म्हणाल्या, "पहिल्यासारखं." पुढचं 'केली जाऊ शकत नाही' त्यांनी वाचलं, पण तोवर मनात अर्थ ठरून गेला होता. मग बटणं. मी विचारलं, काकू, डावीकडचं का नाही दाबलंत?

"रद्द करा? ते कशाला दाबू गं? गाडी रद्द झाली म्हणजे गेलीच ना ती. सगळं सेटिंगच रद्द झालं तर?"

आणि त्यांनी जपून, विचार करून, 'ठीक आहे' दाबलं.

वर्षभर जे बटण आम्ही सुटकेची वाट म्हणून ठेवलं होतं, ते त्यांना धोक्याचं दिसत होतं, आणि सगळं पुसणारं बटण सुरक्षित दिसत होतं. त्या निष्काळजी नव्हत्या. त्यांनी प्रत्येक शब्द वाचला होता. शब्दच उलटे होते.

पुढे आणखी दोन गोष्टी घडल्या. रीसेट होताच ॲप इंग्रजी झालं, कारण भाषा हीसुद्धा आमच्या लेखी एक सेटिंग होती. रीसेट झालं हे सांगणारी एक पट्टी खाली येते, तीही इंग्रजीत आली आणि काकू मान वर करेपर्यंत गेली. आणि घंटी? ती तशीच गप्प. रीसेटने ती सुरू होणारच नव्हती. ते का, ते पुढे सांगते.

शब्दांची दुरुस्ती

'रद्द करा' हे 'कॅन्सल'चं सरधोपट भाषांतर आहे. इंग्रजी पॉपअपमध्ये तो शब्द वर्षानुवर्षांच्या सवयीने 'मागे फिर' एवढाच उरला आहे. मराठीत 'रद्द करा' हे सकर्मक क्रियापद आहे, ते विचारतं, काय रद्द करू? आणि नजरेला सगळ्यात जवळ सापडणारं कर्म असतं 'सेटिंग्ज'. रेल्वेची गाडी, लग्नाचा हॉल, रेशनकार्ड, या सगळ्यांच्या बाबतीत रद्द म्हणजे गेलं. पुसण्याबद्दलच्या पॉपअपवर हा शब्द मागे फिरण्यासाठी वापरूच नये. आम्ही 'राहू द्या' केलं. आणखीही चालतील, 'आहे तसंच ठेवा', 'नको'. बोलीतला असावा आणि 'काही बदलणार नाही' एवढंच सांगणारा असावा.

'पूर्ववत' तर संपूर्ण ॲपमधून काढून टाका. एकीकडे तो 'अनडू'साठी वापरतात, म्हणजे आत्ता केलेलं मागे घेणं. दुसरीकडे रीसेटचाही अर्थ पूर्वीसारखं करणं. दोन विरुद्ध दिशांना एकच पाटी लावली तर माणूस चुकणारच. आम्ही मागे घेण्यासाठी 'परत आणा' ठेवलं आणि रीसेटसाठी 'रीसेट'च. हा शब्द मोबाइलवाल्यामुळे सगळ्यांना माहीत आहे, त्याला ओढूनताणून मराठी करण्यात फायदा नाही.

'ठीक आहे' हे कशाचंच उत्तर नाही. बटणावर तेच क्रियापद हवं जे शीर्षकात आहे. फोन बोलून दाखवणारं टॉकबॅक वापरणाऱ्यांसाठी तर हे जास्तच गरजेचं. बोट फिरवताना त्यांना नुसतं बटणाचं नाव ऐकू येतं, आणि नुसतं 'ठीक आहे' ऐकून कोणाला काय कळणार?

राहता राहिलं 'तुम्हाला खात्री आहे का'. माझा सगळ्यात मोठा आक्षेप यावर आहे. शिंपी कापडाला कात्री लावण्याआधी तुमची खात्री विचारत नाही. तो सांगतो, "उंची दोन इंच कमी करतोय, आत माया ठेवतोय." किती जाणार ते सांगितलं, माया म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड आहे, परत वाढवता येईल, तेही सांगितलं. मग तुम्ही हो म्हणा की नको. पॉपअपचं काम हेच आहे, आधी सांगणं. ज्याला काय जाणार ते कळलेलं नाही, त्याला खात्री विचारून मिळणारं 'हो' कामाचं नाही.

आमचा आत्ताचा पॉपअप असा दिसतो. काकूंच्या फोनवरचा उदाहरणादाखल देते:

३ सेटिंग्ज रीसेट करायच्या का?
बदलेल: सकाळची आठवण ५:३० ऐवजी ७:०० वाजता. बिलाची तारीख ५ ऐवजी १. बिलाच्या मेसेजचा तुमचा मजकूर जाऊन ॲपचा मजकूर येईल.
तसंच राहील: गिऱ्हाईकं, डब्याचे दर, जुनी बिलं, भाषा, अक्षरांचा आकार.
आत्ताच्या सेटिंग्ज ३० दिवस परत आणता येतील.
राहू द्या | रीसेट करा

'सर्व सेटिंग्ज' असं न म्हणता फक्त त्या बाईंनी स्वतः बदललेल्याच दाखवतो, जुनी आणि नवी किंमत शेजारी शेजारी. काहीच बदललेलं नसेल तर पॉपअप येतच नाही, 'तुम्ही एकही सेटिंग बदललेली नाही' एवढीच ओळ येते. याचा एक फायदा आम्हाला आधी सुचला नव्हता: यादी वाचून बायका परत फिरायला लागल्या, कारण त्यांची अडचण त्या यादीत नसायची. घंटीचा आवाज त्या यादीत नाही, मग रीसेट कशाला करायचं?

हे काही आम्ही शोधून काढलेलं नाही. अँड्रॉइडच्याच सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या प्रेफरन्सेस रीसेट करायला गेलात तर बहुतेक फोनवर येणारा पॉपअप बघा. बंद केलेली ॲप्स, बंद केलेल्या सूचना, डिफॉल्ट ॲप्स, बॅकग्राउंड डेटावरचे निर्बंध, परवानग्यांवरचे निर्बंध, असं एकेक मोजून सांगतो आणि शेवटी ॲपमधली माहिती जाणार नाही असंही सांगतो. आयफोनवरही 'सगळ्या सेटिंग्ज रीसेट' करताना डेटा आणि फोटो-व्हिडिओ जाणार नाहीत हे लिहिलेलं असतं. जातं काय आणि राहतं काय, दोन्ही सांगतात. आपण मात्र आपल्या ॲपमध्ये एका ओळीचं भाषांतर चिकटवून मोकळे होतो.

एक जपा. अँड्रॉइड १४ पासून अक्षरं २०० टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात, आणि चष्मा लागलेली मंडळी ती करतात. तेवढ्या आकारात मधला मजकूर सरकवल्याशिवाय दिसत नाही, दिसतं ते शीर्षक आणि बटणं. म्हणून आकडा आणि 'रीसेट' हे शीर्षकातच हवेत. बटणाची उंची ठरावीक ठेवू नका, नाहीतर वेलांट्या आणि उकार कापले जातात.

बोट कुठे पडतं

काकूंच्या बाबतीत घोटाळा शब्दांचा होता. पण नोंदींत काही रीसेट असेही होते की पॉपअप दिसल्यापासून पाव सेकंदाच्या आत बटण दाबलेलं. एवढ्यात कोणी वाचत नाही. ते एकाच टिचकीतले दोन ठोके होते. अँड्रॉइड ३०० मिलिसेकंदांच्या आतल्या दोन ठोक्यांना 'डबल टॅप' मानतं, आणि आमचे सगळे झटपट रीसेट त्याच्या आत बसत होते.

कारण सोपं निघालं. 'रीसेट' ही यादीतली शेवटची ओळ, म्हणजे स्क्रीनच्या तळाशी. आमचा पॉपअप त्या वेळी खालून वर येणारा होता, त्याचंही बटण तळाशी. ठाणे-वाशी गाडीत एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फोन चालवणाऱ्याचा अंगठा जिथे पहिल्यांदा टेकतो, तिथेच नेमकं 'ठीक आहे' उगवत होतं.

तीन बदल केले. पॉपअप मधोमध आणला. दिसल्यापासून पहिला अर्धा सेकंद बटणं ठोका स्वीकारत नाहीत. आणि बटणं कमीत कमी ४८ डीपी उंचीची केली, आयफोनवर ४४ पॉइंट (डीपी आणि पॉइंट ही स्क्रीनवरची मापं). मराठी मजकूर लांब असला की अँड्रॉइडचा डायलॉग बटणं शेजारी न ठेवता एकाखाली एक ठेवतो आणि होकाराचं बटण वर जातं, हे लक्षात ठेवा. इंग्रजीत तपासलेली जागा मराठीत तीच राहत नाही. पॉपअपच्या बाहेर ठोकलं किंवा मागे जायचं बटण दाबलं तर त्याचा अर्थ नेहमी 'राहू द्या' असाच हवा.

पॉपअपच्या मागचा कोड

आता पॉपअप खरं बोलायला लागला, तर कोडलाही त्याप्रमाणे वागावं लागेल. आमचा जुना कोड एका ओळीचा होता: शेअर्ड प्रेफरन्सेसवर, म्हणजे अँड्रॉइड ॲप छोट्या किमती ज्या फाइलमध्ये ठेवतं तिच्यावर, 'क्लिअर' (सगळं पुसा) आणि मग 'अप्लाय' (लागू करा). त्या फाइलमध्ये जे काही आहे ते सगळं साफ. अडचण ही की वर्षानुवर्षं प्रत्येकाने जे हाताला लागेल ते त्याच फाइलमध्ये ठेवलं होतं. रंग, भाषा, लॉगिनची खूण, अर्धवट लिहिलेला मेसेज, आणि डब्याचे दर.

डब्याचा दर ही सेटिंग नव्हेच. प्रोग्रॅमरला ती एका जागी ठेवलेली एक किंमत वाटते, पण काकूंसाठी तो गिऱ्हाइकाशी ठरलेला शब्द असतो. आम्ही दर डेटाबेसमध्ये हलवले, आणि रोजच्या नोंदीबरोबर त्या दिवशीचा दरही लिहायला लागलो. त्यामुळे उद्या दर बदलला तरी कालचा हिशोब बदलत नाही. तुमच्या फाइलमधली प्रत्येक किल्ली, म्हणजे ज्या नावाखाली किंमत ठेवलेली असते ते नाव, समोर घ्या आणि विचारा, ही गेली तर माणसाला ती आठवून पुन्हा भरावी लागेल का? तसं असेल तर ती रीसेटच्या आवाक्याबाहेर काढा.

भाषा आणि अक्षरांचा आकार यांना तर हातच लावू नका. या दोन्ही गेल्या की पुढची मदतीची ओळसुद्धा वाचता येत नाही. क्लिअर वापरायचंच असेल तर एक बारकावा उपयोगी पडतो: एकाच एडिटरवर (फाइलमधले बदल एकत्र लिहिणाऱ्या साधनावर) तुम्ही क्लिअर आधी बोलवा की नंतर, साफसफाई आधी होते आणि भरलेल्या किमती त्यानंतर लिहिल्या जातात. म्हणजे भाषा त्याच एडिटरमध्ये पुन्हा भरली तर ती टिकते. पण त्यापेक्षा ज्या किल्ल्या रीसेट व्हायच्या आहेत त्यांची नावं घेऊन तेवढ्याच काढणं बरं. नवीन किल्ली आली की ती आपोआप पुसली जात नाही.

आता घंटी. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, सूचनांसाठी चॅनल, म्हणजे सूचनांचे वेगवेगळे गट, असतात. एकदा चॅनल तयार झालं की त्याचा आवाज आणि महत्त्व ठरवण्याचा हक्क वापरणाऱ्याचा. ॲप ते पुन्हा वाढवू शकत नाही. चॅनल पुसून त्याच आयडीने पुन्हा केलं तरी जुनीच निवड परत येते. काकूंच्या फोनवर कोणीतरी सूचना दाबून धरली होती आणि 'सायलेंट' निवडलं होतं. आमचं रीसेट शंभर वेळा दाबलं असतं तरी ती घंटी वाजली नसती. 'सर्व सेटिंग्ज' हे आमचं वाक्य त्या अर्थानेही खोटं होतं.

म्हणून रीसेटच्या वर आम्ही एक ओळ टाकली: 'आठवणीचा आवाज येत नाही?' ती दाबली की फोनच्या सेटिंग्जमधलं त्या चॅनलचंच पान उघडतं. काकूंच्या घरी बसूनच मी ते पान उघडून दिलं होतं, त्यांनी स्वतः आवाज सुरू केला. लोक रीसेटकडे का येतात हे विचारा आणि त्या कारणांसाठी सरळ दरवाजे द्या. रीसेटच्या फोनमधला मोठा भाग याच एका ओळीने कमी झाला.

माया ठेवा

शिंप्याची माया ॲपमध्येही ठेवता येते. रीसेट करण्याआधी जुन्या सेटिंग्जची नक्कल वेगळ्या फाइलमध्ये, तारखेसह. त्यानंतर सेटिंग्जच्या पानावर सगळ्यात वर ३० दिवस एक ओळ: 'जुन्या सेटिंग्ज परत आणा'.

नुसत्या खालच्या पट्टीवर विसंबू नका. या पट्टीला स्नॅकबार म्हणतात, आणि अँड्रॉइडच्या जुन्या पद्धतीच्या स्नॅकबारमध्ये 'लाँग' म्हणजे पावणेतीन सेकंद. कंपोज या स्क्रीन बनवायच्या नव्या पद्धतीत ते १० सेकंद आहेत, तरी डब्यांच्या घाईत तेही पुरत नाहीत. आणि चूक कळते ती महिनाअखेरीला. ३० दिवस हा आकडा त्यावरूनच आला, एक बिलाचा फेरा पूर्ण होईपर्यंत.

इथे आम्ही एक नवी चूक करून ठेवली होती, ती तुम्ही टाळा. एका ताईंचा ठाण्याहून फोन आला, 'परत आणा' दाबलं तरी काहीच परत येत नाही. पाहिलं तर त्यांनी रीसेट दोनदा केलं होतं. पहिल्या वेळी चांगल्या सेटिंग्जची नक्कल झाली. दुसऱ्या वेळी आधीच कोऱ्या झालेल्या सेटिंग्जची नक्कल तिच्यावरच लिहिली गेली. नक्कल होती, पण कोऱ्या पाटीची. आता आत्ताच्या सेटिंग्ज मूळ सेटिंग्जइतक्याच असतील तर नक्कल घेतच नाही, आणि शेवटच्या तीन नकला तारखेनिशी जपून ठेवतो. त्या ताईंचा मेसेजचा मजकूर आम्हाला परत देता आला नाही. त्यांनी तो पाठवलेल्या एका जुन्या बिलातून शोधून पुन्हा लिहिला.

अँड्रॉइड ६ पासूनचा ऑटो बॅकअप, म्हणजे ॲपची माहिती आपोआप साठवून नव्या फोनवर आणणारी सोय, ही नकलेची फाइलही उचलतो. त्यामुळे नवीन फोन घेतल्यावर काही वेळा महिन्यांपूर्वीची 'परत आणा' ओळ दिसायची. तारीख तपासून ती लपवा, किंवा नकलेची फाइल बॅकअपमधून वगळा.

तयार झाल्यावर कसं तपासायचं

पॉपअप एखाद्याला मोठ्याने वाचायला लावा, मग स्क्रीन झाका आणि विचारा, यात काय जाईल आणि काय राहील? 'कोणतं बटण दाबाल' हे विचारू नका, त्याचं उत्तर लोक तुमच्याकडे बघून देतात. आमच्या इमारतीतल्या कॅन्टीनच्या मावशींना पहिला मसुदा दाखवला तेव्हा त्यांनी 'मूळ स्थिती' या शब्दावर "मूळ म्हणजे माझी की तुमची?" असं विचारलं. म्हणून नव्या पॉपअपमध्ये 'मूळ मजकूर' नाही, 'ॲपचा मजकूर' आहे.

आणि नोंदींत एक आकडा कायम बघत राहा: रीसेटनंतर लगेच, त्याच दिवशी, किती जण 'परत आणा' दाबतात. तो वाढला की पॉपअपमधलं काहीतरी पुन्हा कळेनासं झालेलं असतं. एकदा तो वाढला तेव्हा कारण एवढंच निघालं की नवीन सेटिंगचं नाव घाईत इंग्रजीतच राहिलं होतं.

एक प्रकार अजून पूर्ण सुटलेला नाही. काही घरांत ॲप दोन फोनवर असतं, काकूंच्या आणि मुलाच्या. एका फोनवर रीसेट केलं की किल्ल्या पुसल्या जातात, पण 'किल्ली नाही' हे दुसऱ्या फोनला बदल म्हणून कळतच नाही. तो आपल्याकडच्या जुन्या किमती सर्व्हरवर पाठवतो आणि रीसेट केलेलं संध्याकाळपर्यंत पुन्हा जुनं होतं. पुसण्याऐवजी 'ही किंमत अमुक वेळी मूळ केली' अशी नोंद ठेवून ती पाठवणं हा त्यावरचा इलाज आहे आणि त्याचं काम सुरू आहे. तोवर दोन फोन जोडलेले असतील तर पॉपअपमध्ये एक जादा ओळ येते: 'हा बदल फक्त या फोनवर होईल. दुसऱ्या फोनवरही रीसेट करा.'